मसादाची शेवटची रात्र जरा बाजूला ठेवा

इस्रायलवर मराठीत बोलणं निघालं की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला मसादा येतो: मृत समुद्राजवळचा डोंगरी गड, जिथे पहिल्या शतकात रोमन वेढ्यात सापडलेल्या ज्यू बंडखोरांनी शेवटच्या रात्री सामूहिक मरण पत्करलं असं सांगतात. एक बाजू म्हणते, स्वाभिमान शिकावा तर त्या ९६० ज्यूंकडून. बायकापोरांसह मेले, पण रोमन फौजेच्या हाती लागले नाहीत. लगेच चित्तोडचा जोहार शेजारी आणून ठेवला जातो. दुसरी बाजू म्हणते, हे सगळं कुभांड आहे: एका फितुराने लिहिलेली गोष्ट विसाव्या शतकात एका राष्ट्राने उचलून धरली आणि उत्खननाकडून तिच्यावर शिक्का मारून घेतला. मग हाडं किती सापडली, खापरांवरची नावं कुणाची, यावर जुंपते. मला दोन्ही बाजूंचा वैताग येतो, आणि तो ‘दोघांचंही थोडं थोडं बरोबर’ अशा गुळमुळीत कारणाने नव्हे. दोघांनीही सगळा वाद एका रात्रीवर टांगला आहे. ती रात्र घडली असणं शक्य आहे, ती सिद्ध होणं जवळजवळ अशक्य आहे, आणि मसादाबद्दल जे कळून घेण्यासारखं आहे त्यात तिचा नंबर बराच खाली लागतो.

आधी जागा. मृत समुद्राच्या पश्चिमेला, यहुदियाच्या वाळवंटाच्या कडेला सुटा उभा असलेला डोंगर. पूर्वेकडून त्याचा कडा चारशे मीटरांवर जातो. माथा सपाट, सुमारे सहाशे मीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद. इथली पहिली तटबंदी हॅस्मोनियन या आधीच्या ज्यू राजघराण्याच्या काळातली असं पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो, पण आज दिसतं ते मुख्यतः हेरोद राजाचं काम. इ.स.पू. ४० मध्ये पार्थियन फौजा चालून आल्या तेव्हा हेरोदने घरची माणसं इथे ठेवली आणि स्वतः मदत मागायला रोम गाठलं. मागे राहिलेल्यांचं पाणी संपत आलं, गड सोडून निघायचं ठरत होतं, आणि ऐनवेळी पाऊस पडला. हेरोद ते विसरला नाही. पुढे त्याने वायव्येच्या उतारावर बारा टाकी खोदून घेतली आणि ओढ्यांना येणारं पुराचं पाणी बांध घालून, पाटाने वळवून त्यांत आणलं. सगळ्यांची क्षमता मिळून चाळीस हजार घनमीटरांच्या घरात, म्हणजे चार कोटी लिटर. वर्षातून काही तासच वाहणाऱ्या ओढ्यांच्या भरवशावर! उत्तरेच्या कड्याला त्याने तीन टप्प्यांचा महाल चिकटवला, इटलीहून दारू मागवली. तिच्या मडक्यांवर लॅटिनमध्ये त्याचं नाव आणि इ.स.पू. १९ हे साल वाचता येतं. गडावर पाणी कसं राखतात याची ज्याला थोडीफार जाण आहे त्याने मसादाला गेल्यावर आधी ती टाकी पाहावीत. महाल कुठे पळून जात नाही.

शंभर वर्षांनी, इ.स. ६६ मध्ये, रोमविरुद्ध बंड पेटलं आणि सिकारी नावाच्या जहाल गटाने मसादा रोमन शिबंदीकडून घेतला. झग्यात आखूड खंजीर लपवून गर्दीत माणूस मारायचा, ही यांची ख्याती. नावही त्या खंजिरावरून पडलेलं. त्यांचा पुढारी मेनाहेम जेरुसलेममध्ये इतर ज्यू बंडखोरांच्याच हातून मारला गेला आणि त्याचा नातलग एलाझार बेन याईर उरलेल्यांना घेऊन गडावर परतला. इ.स. ७० मध्ये जेरुसलेम आणि तिथलं मंदिर पडलं. त्यानंतर हेरोदियनचा गड पडला, माखेरसचा पडला, मसादा तेवढा राहिला. इ.स. ७३ किंवा ७४ मध्ये फ्लेवियस सिल्वा हा रोमन सुभेदार दहावी लीजन ही रोमन पलटण घेऊन आला, गडाभोवती आठ छावण्या टाकल्या, चारेक किलोमीटरची भिंत घातली आणि पश्चिमेकडून उताराचा भराव चढवला. वेढा तीन वर्षं चालला असं अजूनही छापून येतं. प्रत्यक्षात तो फार तर काही महिन्यांचा होता, आणि रोमन बांधकामाचा हिशेब मांडणारा २०२४ मधला अभ्यास तर तो काही आठवड्यांत आटोपला असं म्हणतो. शेवटी तट फुटला. त्या रात्री एलाझारने भाषण केलं; पुरुषांनी आपापली बायकापोरं मारली; चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दहांनी त्या पुरुषांना मारलं; दहांतल्या एकाने उरलेल्या नऊ जणांना आणि अखेर स्वतःला. मृत ९६०. जमिनीखालच्या पाण्याच्या मार्गात लपलेल्या दोन बायका आणि पाच मुलं वाचली.

या शेवटच्या भागाचा साक्षीदार एकच, आणि तोही तिथे नव्हता. योसेफ बेन मत्तित्याहू, म्हणजेच फ्लेवियस जोसेफस. गालीलमधला ज्यू सेनापती, रोमनांच्या हाती लागल्यावर त्यांच्या बाजूला गेलेला, पुढे सम्राटाच्या आश्रयाने रोममध्ये राहून ग्रीकमध्ये इतिहास लिहिणारा. त्याला सरसकट खोटारडा ठरवणाऱ्यांना आधी हे मान्य करावं लागेल की मसादाच्या बाबतीत तो कितीतरी गोष्टींत खरा उतरला. उत्तरेचा महाल, कोठारं, हमामखाना, वेढ्याची भिंत, भराव, सगळं त्याने सांगितल्याप्रमाणे निघालं. १८३८ मध्ये एडवर्ड रॉबिन्सनने एन गेदीहून दुर्बिणीतून हा डोंगर पाहून ‘हाच मसादा’ म्हटलं ते जोसेफसच्याच वर्णनावरून. पण हा पुरावा श्रद्धाळूंना वाटतो तितका दूर जात नाही. महालाचे खांब एकाच दगडातून घडवलेले असं जोसेफस लिहितो; प्रत्यक्षात ते तुकड्यातुकड्यांचे, वरून गिलावा देऊन उभ्या खोबणी काढलेले. ज्याने कुणी ही माहिती पुरवली तो हेरोदच्या गवंड्यांना फसला. बहुधा एखाद्या रोमन अधिकाऱ्याचं टिपण असणार. पंचनामा करणाऱ्याने दारं-खिडक्या बिनचूक लिहिल्या, म्हणून आदल्या रात्री घरात काय बोलणं झालं ते त्याने ऐकलं होतं असं कोणी म्हणेल का?

उलट बाजूचा लाडका मुद्दा हाडांचा. ९६० माणसं मेली, मग सांगाडे कुठे? इस्रायली पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिनने १९६३ ते १९६५ या काळात जवळजवळ अख्खा माथा खणला, आणि हाती लागले ते खालच्या टप्प्यावरच्या हमामखान्यातले तिघांचे अवशेष आणि दक्षिण कड्यावरच्या गुहेतली पंचवीसेक माणसांची हाडं. मुद्दा ऐकायला जोरदार, आत पोकळ. वेढा उठल्यावर रोमन शिबंदी तिथेच राहिली. ज्या माथ्यावर राहायचं, तिथे हजारभर प्रेतं कोणती फौज कुजू देईल? जाळली असतील, कड्यावरून लोटली असतील. पुढे पाचव्या शतकात बायझंटाइन जोगी तिथे राहायला आले, त्यांनी चर्च बांधलं. सांगाडे न सापडण्यावरून काहीच सिद्ध होत नाही, ना हे ना ते.

संशय घ्यायचाच तर त्याला याहून भक्कम जागा आहे, आणि ती हाडांच्या वादात हरवून जाते. इ.स. ६७ मध्ये गोलानमधला गामला पडला, तेव्हा हजारो लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, वाचल्या त्या फक्त दोन बायका, असं जोसेफस लिहितो. त्याच वर्षी गालीलमधलं योदफात पडल्यावर चाळीस जण गुहेत लपले, चिठ्ठ्या टाकून एकमेकांना मारायचं ठरलं, आणि शेवटी उरले दोघं: स्वतः जोसेफस आणि आणखी एक. त्या दोघांनी मग मरण्याऐवजी शरण जाणं पसंत केलं. चिठ्ठ्या, एकमेकांची हत्या, मोजून दोन वाचलेल्या बायका. इतका सारखा साचा पुन्हा पुन्हा दिसला की हा माणूस घडलेलं सांगतोय की आधी जमलेलं कथानक पुन्हा वापरतोय, असं विचारावंच लागतं. त्याची मेख अशी की योदफातच्या गुहेत जोसेफसने आत्महत्येच्या विरोधात लांबलचक भाषण केलं होतं: आत्मा ही देवाची ठेव आहे, ती आपल्या मर्जीने उडवून टाकणारा पापी. मसादावर तो एलाझारच्या तोंडी नेमकं उलट भाषण घालतो: शरीर हा आत्म्याचा तुरुंग, मरण ही सुटका. एकाच लेखणीतून उतरलेली दोन भाषणं. एकात त्याने स्वतःचं जगणं बरोबर ठरवलं आणि दुसऱ्यात इतरांचं मरण सजवलं.

एलाझारच्या या भाषणात एक जागा आहे, ती मराठी वाचकाने पाहिलीच पाहिजे. लोक कचरताहेत असं दिसल्यावर एलाझार म्हणतो, त्या हिंदुस्थानातल्या ज्ञानी माणसांकडे बघा. ते जगणं एखादी सक्तीची चाकरी असल्यासारखं निभावतात. काही दुखत-खुपत नसताना, निव्वळ अमरत्वाच्या ओढीने, आपण आता निघतो असं सगळ्यांना सांगतात. लोक त्यांना अडवत नाहीत, उलट मेलेल्या आप्तांसाठी निरोप देतात. आणि मग ते देह अग्नीच्या स्वाधीन करतात. आपण त्या हिंदी लोकांहून हलके ठरायचं, याची लाज नाही वाटत? मृत समुद्राकाठच्या डोंगरावर, तट पेटलेला असताना, खंजीरवाल्यांचा म्होरक्या आपल्या माणसांना भारतातल्या साधूंचे दाखले देतो आहे! यावर छाती फुगवणारे मी पाहिले आहेत. फुगवण्याआधी हे कुठून आलं ते बघावं. अलेक्झांडरबरोबर गेलेला कलानोस हा भारतीय साधू इ.स.पू. ३२३ च्या सुमारास इराणात चितेवर चढला. ऑगस्टसच्या काळात आणखी एका भारतीयाने अथेन्समध्ये लोकांसमक्ष स्वतःला जाळून घेतलं. ग्रीक-रोमन लेखकांना या गोष्टींचं भारी वेड. मृत्यूला न भिणारा हिंदी हा त्यांच्या वक्तृत्वातला ठरीव दाखला होऊन बसला होता. शरीर म्हणजे तुरुंग, हा विचारही प्लेटोच्या घरचा. हे भाषण ग्रीक शिकलेल्या, रोमन श्रोत्यांसाठी लिहिणाऱ्या माणसाचं आहे, यावर ही जागा म्हणजे सहीच समजा. एलाझार त्या रात्री काहीतरी बोलला असेल. हे नक्कीच बोलला नाही.

मग सगळंच बनावट म्हणायचं? इथे श्रद्धाळूंच्या हाती एक खरा मुद्दा आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. जोसेफस सिकारींचा द्वेष करत होता. जेरुसलेम बुडालं ते यांच्यासारख्या माथेफिरूंमुळे, हे त्याच्या सगळ्या इतिहासाचं सूत्र. असा माणूस शत्रूला इतका भव्य शेवट का देईल? काहीतरी घडलं होतं, लपवता येण्यासारखं नव्हतं, म्हणूनच ना? हा युक्तिवाद मला पटतो, अर्ध्यापर्यंत. वेढ्यात सापडलेल्यांनी सामूहिक मरण पत्करल्याच्या कथा त्या जगात ठिकठिकाणी आहेत. स्पेनमधल्या नुमान्तियात इ.स.पू. १३३ मध्ये रोमन वेढ्याच्या शेवटी अनेकांनी शरणागतीऐवजी आपणहून मरण घेतलं असं लिहिलेलं आहे. (अडोल्फ शुल्टेन या जर्मन संशोधकाने आधी नुमान्तिया खणला आणि मग १९३२ मध्ये मसादाच्या रोमन छावण्यांची मोजणी केली, दोन्हीकडे रोमनांची पद्धत एकच.) तेव्हा गडावर काही कुटुंबांनी स्वतःला संपवलं असेल, काही लढून मेले असतील, काही पकडले गेले असतील. माझा अंदाज हाच. पण भव्यपणाचं कारण द्वेष्ट्याच्या नाइलाजातच शोधायला नको. जोसेफसचा वाचक रोमन होता, आणि रोमन उच्चवर्गात सीझरपुढे न झुकता इ.स.पू. ४६ मध्ये स्वतःचं पोट फाडून घेणारा केटो म्हणजे सद्गुणाचा पुतळा. शत्रू जितका थोर, तितका त्याला जिंकणारा मोठा. जोसेफसचे आश्रयदाते ते जिंकणारेच होते.

आणि जोसेफसच्या शब्दावर ९६० चा आकडा स्वीकारायचा, तर त्याच्याच शब्दावर दुसराही एक आकडा स्वीकारा. बंडाच्या काळात, वल्हांडणाच्या (पासओव्हरच्या) ज्यू सणात, मसादावरचे सिकारी रात्री गडावरून उतरले आणि पंधरा-वीस किलोमीटरांवरच्या एन गेदीवर तुटून पडले. एन गेदी हे ज्यूंचंच गाव, झऱ्याकाठचं, खजुराच्या बागांचं. पुरुषांना त्यांनी हुसकावून लावलं. ज्यांना पळता आलं नाही त्या बायका आणि मुलं, सातशेहून अधिक, कापून काढली. घरं लुटली, पिकलेलं धान्य गडावर नेलं. गडावरची कोठारं शेवटपर्यंत भरलेली होती, उपासमारीने नव्हे तर स्वेच्छेने मेले, असं अभिमानाने सांगितलं जातं. बहुतेक साठा हेरोदचा जुनाच असेल, पण त्या कोठारांत एन गेदीचं धान्यही गेलं होतं. मसादावरच्या किती लोकप्रिय लेखांत हे गाव तुम्हाला सापडलं? ‘जोसेफस सिकारींचा वैरी, त्याने ही बदनामी रचली’ हे उत्तर देता येतं, पण मग ९६० च्या वेळीही तोच नियम लावावा लागेल. एक पान पवित्र आणि दुसरं प्रक्षिप्त असं चालत नाही. शिवाय एलाझारच्या भाषणातलंच एक वाक्य नेहमी गाळलं जातं: ही देवाची शिक्षा आहे, आणि ती आपण वेड्यासारखे आपल्याच बांधवांवर जे अन्याय करत गेलो त्यांची. मसादाच्या मृत्यूची तारीखही जोसेफस वल्हांडणाचीच देतो. तो काय सुचवतोय, हे त्याच्या काळातल्या ज्यू वाचकाला कळायला अडचण आली नसती.

आता विसाव्या शतकाकडे येऊ, कारण खरं भांडण तिथलं आहे. ‘ज्यूंनी दोन हजार वर्षं मसादाची आठवण जपली’ हे वाक्य ऐकायला छान आहे आणि चूक आहे. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात मसादा नाही. ज्या रब्बींनी बंडानंतर ज्यू धर्म पुन्हा उभा केला, त्यांना ही कथा सांगावीशी वाटली नाही. त्यांनी सांगितली ती योहानान बेन झक्काईची. वेढ्यातल्या जेरुसलेममधून तो शवपेटीत झोपून बाहेर पडला, रोमन सेनापतीला भेटला आणि यावने गावात शिकवण्याची परवानगी मागून घेतली. मंदिर गेलं तरी धर्म उरला तो या शवपेटीतल्या माणसाच्या शाळेमुळे, असं ती परंपरा मानते. दहाव्या शतकात इटलीत एका ज्यू लेखकाने जोसेफसचा आधार घेऊन हिब्रूत इतिहास लिहिला, तेव्हा त्याला मसादाचा शेवट पचला नाही. त्याने तो बदलला: पुरुष बायकापोरांना मारतात खरे, पण नंतर गडाबाहेर येऊन रोमनांशी लढत मरतात. आणि कोकणातल्या बेने इस्रायलांचं, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंचं काय? त्यांचे पूर्वज नेमके केव्हा आले यावर मतं वेगळी आहेत, पण अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेल्यांची आम्ही संतती, ही त्यांची परंपरा. शेजारच्यांनी त्यांना शनवार तेली म्हटलं, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद. सुंता, शब्बाथ, शेमा ही प्रार्थना आणि मलिद्याच्या विधीत एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव, एवढ्यावर त्यांनी शतकानुशतकं आपलं ज्यूपण टिकवलं. त्या आठवणीत एलाझार बेन याईर कुठेच नव्हता. आज त्यांच्यातली कितीतरी कुटुंबं इस्रायलमधल्या दिमोना आणि बीरशेबात राहतात, मसादापासून फार लांब नाही. त्यांच्या मुलांना गड दाखवला गेला असेल तो शाळेच्या सहलीत.

आठवण जागी झाली ती १९२० च्या दशकात. १९२३ मध्ये जोसेफसचं नवं हिब्रू भाषांतर आलं. १९२७ मध्ये यित्झाक लमदान या युक्रेनहून आलेल्या कवीची मसादावरची दीर्घकविता आली; तिच्यातली ‘मसादा पुन्हा पडणार नाही’ ही ओळ पुढे घोषणा झाली. लमदानचा भाऊ ज्यूंच्या कत्तलीत (पोग्रोममध्ये) मारला गेला होता. त्याच्या कवितेतला मसादा म्हणजे हाकलल्या गेलेल्या माणसाचं शेवटचं आश्रयस्थान. सामूहिक मरणाचा गौरव तिथे नाही. पुढे श्मार्या गुटमन या कार्यकर्त्याने तरुणांच्या टोळ्या गडावर न्यायला सुरुवात केली. १९४२ मध्ये जर्मन सेनापती रोमेल इजिप्तमध्ये घुसलेला, युरोपातून येणाऱ्या बातम्या कानावर घेववत नाहीत, अशा वेळी पॅलेस्टाइनमधल्या ज्यूंनी कार्मेल डोंगरावर शेवटची लढाई देण्याचे बेत आखले होते. त्या पोरांना एलाझार लागला, यात नवल काय? त्यांच्यापुढे यावनेचा पर्याय कोणी ठेवलाच नव्हता. हिटलरशी वाटाघाटी करायला शवपेटीतून जाऊन काय मिळणार होतं? इथे मी संशयखोरांची बाजू पूर्ण सोडतो. त्या वर्षी, त्या लोकांना, ही दंतकथा म्हणजे चैन नव्हती.

पण गरज संपल्यावरही दंतकथेला सरकारी पगारावर ठेवलं की ती संशोधनाच्या कामात ढवळाढवळ करू लागते. यादिन हा साधा प्राध्यापक नव्हता. इस्रायली सैन्याचा तो माजी सरसेनापती. त्याचं उत्खनन कौशल्याच्या दृष्टीने मोठंच होतं, २८ देशांतून स्वयंसेवक आले होते. अडचण अर्थ लावताना झाली. उत्तर महालाच्या हमामखान्यात चिलखताच्या पट्ट्या, बाण, एक जोडी चपला आणि वेणी घातलेले बाईचे केस सापडले, आणि त्यातून एक पुरुष, त्याची बायको आणि त्यांचं मूल असं कुटुंब उभं राहिलं. मूल दहा-बारा वर्षांचं आणि आई अठराची, हे गणित जुळत नव्हतं तरी. नावं लिहिलेली अकरा खापरं सापडली, एकावर ‘बेन याईर’. झाल्या त्या शेवटच्या चिठ्ठ्या. जोसेफस दहा म्हणतो, आणि गडावर नावं-अक्षरं लिहिलेली खापरं शेकड्यांनी मिळाली आहेत, ज्यांतली पुष्कळ शिधा वाटण्यासाठीची. आणि गुहेतली हाडं? १९६९ मध्ये ती लष्करी इतमामाने गडाच्या पायथ्याशी पुरण्यात आली. त्या हाडांबरोबर ज्यूंना निषिद्ध असलेल्या डुकराचीही हाडं होती हे बाहेर आलं पुष्कळ उशिरा. ती माणसं ज्यू बंडखोर होती, रोमन शिपाई होते की नंतरच्या काळातले कोणी, यावर तेव्हापासून वाद आहे. राष्ट्रीय मानवंदना एकदा दिल्यावर तो वाद शांत डोक्याने कसा होणार? इस्रायली चिलखती दलाचे जवान जिथे एके काळी शपथ घेत, तिथल्या मातीला ‘नक्की सांगता येत नाही’ असं म्हणायची मुभाच उरली नाही.

या सगळ्या गदारोळात हरवली ती गडावरची सात वर्षं. इ.स. ६६ ते ७३-७४ या काळात हेरोदच्या तटातल्या दुहेरी भिंतीमधल्या खोल्यांत कुटुंबं राहिली. मातीच्या आडव्या भिंती घालून खोल्या पाडल्या, चुली मांडल्या, राजाच्या महालात संसार थाटले. शुद्धीची न्हाणी बांधली. एका दालनाला दगडी बाकं लावून सभास्थान केलं. त्याच्या जमिनीत पुरलेले, बायबलमधल्या यहेज्केल आणि अनुवाद (Deuteronomy) या पुस्तकांचे तुकडे सापडले. मृत समुद्राकाठच्याच कुमरान इथल्या पंथाच्या लोकांकडे होतं तसंच एक स्तोत्रसंग्रहाचं हस्तलिखितही निघालं. म्हणजे गडावर नुसते खंजीरवाले नव्हते, जेरुसलेम बुडाल्यावर नाना पंथांचे निर्वासित इथे येऊन टेकले असावेत. आणि माझ्या मते गडाशी जोडलेला सगळ्यात बोलका कागद तर गडावर सापडलाच नाही, तो यहुदियाच्या वाळवंटातल्या वादी मुरब्बातच्या गुहेत सापडला. ती एक सोडचिठ्ठी आहे. ‘सहाव्या वर्षी, मसादा येथे’ नक्सानचा मुलगा योसेफ आपली बायको, योनातानची मुलगी मिर्याम, हिला मोकळं करतो. हवं त्या ज्यू पुरुषाशी लग्न करायला ती मुखत्यार आहे असं त्यात लिहून दिलेलं आहे. ते सहावं वर्ष बंडाचं धरलं तर साल येतं इ.स. ७१. मंदिर जळून वर्ष झालेलं, रोमन आज ना उद्या येणार, आणि गडावर एक जोडपं रीतसर, साक्षीदारांसमोर वेगळं होतंय, बाईच्या पुढच्या लग्नाचा विचार होतोय. मरायला बसलेली माणसं असा कागद करतात?

दुसरा कागद रोमनांचा. गायस मेसियस नावाच्या, बैरुतच्या शिपायाच्या पगाराचा तपशील गडावर मिळाला. पगार ५० दिनारी. कापले: घोड्याच्या जवासाठी १६, जेवणाचे २०, बुटांचे ५, चामड्याच्या पट्ट्यांचे २, लिननच्या अंगरख्याचे ७. बेरीज करा, हातात शून्य. ज्या साम्राज्याचं भव्य यंत्र म्हणून आपण त्या भरावाकडे बघतो, त्याच्या तळाला हा मेसियस आहे. आणि त्याच्याही खाली, जोसेफसच सांगतो, छावणीसाठी लांबून पाणी आणि धान्य वाहून आणणारे पकडलेले ज्यू आहेत. त्यांच्याबद्दल कोणी घोषणा लिहिली नाही.

‘आरामात बसून वेढ्यातल्या माणसांचा न्याय करू नका’, असं मला सांगितलं जाईल. मान्य. सकाळी रोमन आत आले असते तर बायकांचं काय झालं असतं, मुलं कोणत्या बाजारात विकली गेली असती, हे त्या बापांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना भ्याड म्हणण्याची माझी प्राज्ञा नाही. पण मग त्यांच्या नावाने न्याय देऊन टाकणारे आधीचे आहेत. मेलेल्यांची संमती गृहीत धरून त्यांना आदर्श ठरवणं हाही न्यायच झाला. आठ वर्षांच्या पोराला कोणी विचारलं होतं? गोष्टीच्या आतच त्याला एक उत्तर आहे. वाचलेल्या दोन बायकांतली एक एलाझारचीच नातलग होती. तिने भाषण ऐकलं, पुरुष रडत-भेटत कामाला लागले तेव्हा दुसऱ्या एका म्हातारीला आणि पाच मुलांना घेऊन ती पाण्याच्या मार्गात शिरली आणि सकाळी रोमनांसमोर येऊन घडलं ते सविस्तर सांगितलं. जोसेफसने ती रचली असेल तरी गोष्ट तिच्यावरच उभी आहे: सगळ्यांनी एलाझारचं ऐकलं असतं, तर एलाझार काय बोलला हे सांगायला कोणी उरलं नसतं. जोसेफस तिचं नाव देत नाही. अक्कल आणि शिक्षण यांत ती बहुतेक बायकांहून वरचढ होती, एवढं मात्र लिहितो. मी ‘बायकांहून’ काढून ‘गडावरच्या बहुतेकांहून’ असं लिहिलं असतं.